एक पंधरांश

बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
ताहेरभाई माझी लेन्स खिडकीशी धरतात
आणि डोळा बारीक करून म्हणतात,
"बुरशी लागली. तीन पावसाळे पेटीतच होती ना?"
मी उत्तर देत नाही.
त्यांच्या टेबलाखाली तांदळाचा डबा आहे,
त्यात तांदूळ नाहीत, लोकांच्या लेन्स झोपल्यात
सिलिका जेलच्या पुड्या उशाला घेऊन.

तीन पावसाळे मी फोनवरच काढले.
लग्नं, बारशी, एका बिल्डरचं माहितीपत्रक,
दोन दिवाळी अंकांची मुखपृष्ठंसुद्धा.
कुणाला कळलं नाही.
खरं सांगायचं तर मलाही दर वेळी कळत नाही.
खांदा दुखायचा थांबला, एवढं मात्र खरं.
भाऊच्या धक्क्यावर पहाटे चारला
कॅमेरा काढला की शिट्टी वाजायची,
"ओ मॅडम, परमिशन?"
स्टँड उघडला की दुसरी.
फोनला कुणी शिट्टी वाजवत नाही.
फोन म्हणजे हातच,
हाताला कसली आलीय परवानगी.

तर मोंगीबाय.
बर्फाच्या चुऱ्यात पाय सोडून कोळंबी निवडत होती,
वर एकच दिवा, पिवळा, तोही धड नाही.
मी फोन धरला.
"हलू नका," असं त्यानंच मला बजावलं,
तीन सेकंदांत नऊ चित्रं घेतली,
एकावर एक रचली,
अंधार घासून धुतला
आणि माझ्या हातात ठेवली
चारची पहाट, सकाळी नऊसारखी.
कोळंबीच्या मिशा मोजून घ्याव्यात.
मागच्या ट्रॉलरचा नंबर, दोरीचा पीळ,
सगळं हजर.
हनुवटीवरचं गोंदण तेवढं त्याला डाग वाटलं असावं.
पुसून टाकलं.

मोंगीबायनं ओले हात लुगड्याला पुसले, फोन घेतला.
"ही मी नाय गो. ही माझी धाकटी भैन,
उरणला दिलेली."
मग हसली.
"पन पाठव. डीपीला ठेवीन."

पुढच्याच आठवड्यात, का ते विचारू नका,
मी कपाटावरची पेटी खाली काढली.
शटर एक पंधरांशवर.
त्याखाली माझा हात थरथरतो, पन्नाशीचा हात.
छिद्र पुरतं उघडं.
एकच फ्रेम मिळाली, मग शिट्टी.
घरी येऊन पाहिलं तर पाऊण चित्र काळं.
दिव्याखाली कपाळ, नाकाची धार,
गोंदणाचे तीन ठिपके,
आणि उजवा हात असायला हवा तिथं
नुसता एक पांढरट फराटा.
गेली फुकट, म्हटलं.
तरी छापून घेतली, आठ बाय बारा, मॅट.

मोंगीबायनं आधी ती उलटी धरली.
मी सुलटी करून दिली.
बराच वेळ काही बोलली नाही,
गिऱ्हाईक उभं होतं, त्यालाही नाही.
"हात चालू हाय माझा,"
एवढंच म्हणाली,
आणि टोपलीखालची प्लास्टिकची पिशवी झटकून
तिच्यात तो कागद सरकवला.
डीपी बदलला नाही.
आजही तिथं उरणची भैनच आहे.

"विकायची का?" ताहेरभाई विचारतात,
"बुरशीसकट चार हजार."
"ही फोटोत दिसते?"
"दिव्याकडे तोंड केलं तर. थोडं धुकं येतं."
"आणि साफ केली तर?"
"बाराशे. पण काचेवर वण राहणार."
ते चष्मा शोधतात, चष्मा कपाळावर आहे.
डब्यातल्या दोन लेन्स बाजूला सारून
तिसरीपुरती जागा करतात.
"गुरुवारी ये."

जिन्यात फोन थरथरतो.
मोंगीबाय. व्हिडिओ कॉल.
कमरेच्या पिशवीतच बटण दाबलं गेलेलं असणार.
पडदाभर काळोख,
आणि आत कुठंतरी
बर्फ फोडल्याचा आवाज.
मी जिन्यातच थांबते, बंद करत नाही.